छत्तीस तासांचा हिशेब

पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी अंडं फुटतं, ही गोष्ट मूल हवं असलेल्या बहुतेक जोडप्यांना तोंडपाठ असते. सासूने सांगितलेली असते, मैत्रिणीने सांगितलेली असते, मोबाइलमधलं अ‍ॅपही तेच सांगतं. मग त्या एका दिवसाची वाट पाहायची आणि तो हातचा गेला की महिना वाया गेला म्हणून हळहळायचं. वंध्यत्वावरच्या औषधांचा आढावा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी. या औषधांचं सगळं काम वेळेशी बांधलेलं आहे आणि वेळेचा हा पहिलाच हिशेब बहुतेक घरांत चुकीचा मांडलेला असतो.

जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे एक गोष्ट दाखवून दिली. स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा असतो, आणि तो साधारण चौदा दिवस मागे येतो. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर दोन्हीकडून मोजलं तरी उत्तर एकच, म्हणून चौदाचा आकडा रूढ झाला. पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज मात्र एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. तिची ‘एकविसाव्या दिवसाची’ प्रोजेस्टेरॉन तपासणी केली तर ती कमीच येणार, आणि ‘अंडं तयारच होत नाही’ असा शिक्का तिच्यावर विनाकारण बसणार. ही तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते, एवढं सांगितलं तरी कितीतरी जणींची धास्ती वाचेल.

अमेरिकेत अ‍ॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गर्भ राहिला तो फक्त सहा दिवसांतल्या संबंधांतून: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाच दिवस आधी ही शक्यता दहा टक्के होती, त्या दिवशी तेहतीस टक्के. दुसऱ्या दिवसापासून शून्य. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र बारा ते चोवीस तासच टिकतं. म्हणून शुक्राणूंनी आधी येऊन थांबायचं असतं. याच अभ्यासकांनी २००० साली आणखी एक गोष्ट समोर आणली: हे सहा दिवस पाळीच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांमध्ये पूर्णपणे बसतात अशा स्त्रिया जेमतेम तीस टक्के. म्हणजे नेमक्या चौदाव्या दिवसाची वाट पाहत आधीचे दिवस सोडून देणारं जोडपं आपल्याच हाताने संधी घालवतं.

यातून दिलासा देणारा निष्कर्ष निघतो आणि तो डॉक्टरांनी मोठ्याने सांगायला हवा. औषध नसेल, दोघंही एकत्र राहत असतील, तर घड्याळ लावण्याची गरज नाही. पाळी थांबल्यानंतर एक दिवसाआड संबंध येत असतील तर ती सहा दिवसांची खिडकी आपोआप साधते. ‘आज रात्री झालंच पाहिजे’ या फर्मानाने जे ओझं येतं त्यातून पुरुषांना अडचणी येतात, बायकांना रडू येतं, आणि हाती काही लागत नाही. अपवाद आहे तो लांब राहणाऱ्यांचा. नवरा मुंबईला नोकरीत आणि बायको कोकणात किंवा साताऱ्याकडे गावी, अशी घरं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्याची सुट्टी आणि तिचे ते सहा दिवस जुळलेच नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणायचं का? अशा जोडप्याला गोळ्या देण्याआधी दोघं महिन्यातून किती दिवस भेटतात, हे विचारायला हवं. हा प्रश्न संकोचाने टाळला जातो आणि उपचार मात्र सुरू होतात.

आता औषधांकडे. ती कळण्यासाठी मेंदू आणि अंडाशय यांच्यातली देवाणघेवाण थोडक्यात पाहू. पाळीच्या सुरुवातीला मेंदूच्या तळाशी असलेली पिच्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते. त्यावर अंडाशयातले काही फॉलिकल, म्हणजे बीज असलेल्या पाण्याच्या बारीक पिशव्या, वाढू लागतात. वाढणारं फॉलिकल इस्ट्रोजेन तयार करतं. इस्ट्रोजेन वाढलं की पिच्युटरी एफएसएच कमी करते, मग मागे पडलेली फॉलिकल सुकतात आणि एकच पुढे जातं. ते पुरेसं पिकलं, इस्ट्रोजेनची पातळी उंच राहिली, की तीच पिच्युटरी एकदम एलएच या दुसऱ्या संप्रेरकाचा लोंढा सोडते. हा लोंढा सुरू झाल्यापासून साधारण छत्तीस तासांत बीज बाहेर पडतं. घरी करायच्या लघवीच्या पट्ट्या याच एलएचचा माग घेतात. पीसीओडी (यालाच पीसीओएसही म्हणतात), म्हणजे बीज नियमित न सुटण्याचा विकार, असलेल्या काहींचं एलएच मुळातच चढलेलं असतं, त्यामुळे त्यांना या पट्ट्या खोटी आशा लावतात. सकाळचं तापमान मोजण्याची जुनी पद्धत बीज सुटून गेल्यानंतर खबर देते, तोवर त्या महिन्यापुरता उशीर झालेला असतो.

क्लोमिफीन ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी गोळी. १९५६ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या मेरेल कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्रँक पालोपोली यांच्या गटाने ती बनवली, १९६१ साली रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी तिने बीज सुटतं हे जाहीर केलं आणि १९६७ साली तिला तिथे मान्यता मिळाली. ती मेंदूतल्या इस्ट्रोजेनच्या जागा अडवून बसते. शरीरात इस्ट्रोजेन आहे हे मेंदूला कळतच नाही, म्हणून तो एफएसएच वाढवतो. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांपैकी एका दिवशी सुरू करून पाच दिवस ती घेतात. बीज न सुटणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणींना तिचा गुण येतो. पण ती शरीरात आठवडे रेंगाळते आणि गर्भाशयाच्या अस्तरातल्या जागाही अडवते. बीज उत्तम सुटतं, अस्तर पातळ राहतं आणि गर्भ रुजत नाही, असं काहींच्या बाबतीत घडतं ते त्यामुळे. जुळ्यांचं प्रमाण सात-आठ टक्क्यांपर्यंत जातं.

लेट्रोझोल दुसऱ्या बाजूने काम करतं. हे मूळचं स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. ते इस्ट्रोजेन बनण्याचीच क्रिया काही दिवस रोखतं आणि लवकर शरीराबाहेर जातं. मेंदूच्या जागा मोकळ्याच राहतात, त्यामुळे फॉलिकल वाढून इस्ट्रोजेन पुन्हा चढलं की एफएसएच आपोआप आवरतं. बहुधा एकच बीज तयार होतं, अस्तरही टिकतं. टोरोंटोच्या मोहम्मद मितवल्ली आणि रॉबर्ट कॅस्पर यांनी २००१ साली या कामासाठी त्याचा वापर मांडला.

या गोळीचा भारतातला प्रवास सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण औषधाबद्दलची भीती कशी पसरते आणि कशी ओसरते, हे त्यात दिसतं. २००५ साली मॉन्ट्रियलच्या एका परिषदेत लेट्रोझोल घेतलेल्या मातांच्या सुमारे दीडशे मुलांची माहिती मांडली गेली आणि जन्मजात दोष जास्त असल्याचा इशारा दिला गेला. तुलना केली होती ती कमी जोखमीच्या सर्वसामान्य बाळंतपणांशी, म्हणजे वय आणि वंध्यत्व या दोन्ही बाबतींत वेगळ्या असलेल्या बायकांशी. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या ९११ बाळांचा अभ्यास आला. त्यात दोषांचं प्रमाण लेट्रोझोलच्या गटात २.४ टक्के आणि क्लोमिफीनच्या गटात ४.८ टक्के निघालं. तरीही भारत सरकारने ऑक्टोबर २०११मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोलच्या वापरावर बंदी घातली. त्याआधी पुरेशा चाचण्यांशिवाय त्याचा प्रचार झाला होता, हा आक्षेप रास्तच होता. २०१४ साली रिचर्ड लेग्रो यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे आकडे आले: बाळ जन्माला येण्याचं प्रमाण लेट्रोझोलने २७.५ टक्के, क्लोमिफीनने १९.१ टक्के. पीसीओएससाठी लेट्रोझोलच पहिलं औषध, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगू लागल्या आणि २०१७ साली आपल्याकडची बंदी उठली. मधल्या वर्षांत इथल्या बायकांना कायद्याने जुनीच गोळी मिळू शकत होती. माझ्या मते औषधाच्या प्रचाराला लगाम घालायला हवाच होता, पण पुरावा बदलल्यावर बंदीचा फेरविचार इतका लांबायला नको होता.

गोळ्यांनी काम होत नाही तेव्हा इंजेक्शनं येतात, आणि त्यांचा उगम जरा चकित करणारा आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या शरीरात एफएसएच आणि एलएच भरपूर असतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. रोममधल्या सेरोनो कंपनीत पिएरो दोनिनी यांनी १९४९च्या सुमारास ते वेगळं काढलं, ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी त्याचा उपचारात वापर घडवून आणला. एवढी लघवी आणायची कुठून? कंपनीच्या संचालक मंडळावर पोप बारावे पायस यांचे पुतणे होते. त्यांच्या मदतीने इटलीतल्या मठांमधल्या वृद्ध जोगिणींकडून ती गोळा होऊ लागली. या औषधाने १९६२ साली इस्रायलमध्ये पहिलं बाळ जन्मलं. नेदरलँड्समध्ये तर १९३१पासून गरोदर बायका आपली लघवी दुसऱ्या बायकांच्या उपचारासाठी देत आल्या आहेत, कारण बीज सोडवणारं एचसीजी हे संप्रेरक त्यातून मिळतं. स्वतःचं मूल कधीच न होणाऱ्या जोगिणींनी आणि पोटात मूल असलेल्या अनोळखी बायकांनी इतर घरांचे पाळणे हलते केले, हे या शास्त्रातलं मला सर्वांत हृद्य वाटणारं पान आहे. याच काळात मृतांच्या पिच्युटरी ग्रंथींपासूनही एफएसएच आणि एलएच काढलं जात होतं. ऑस्ट्रेलियात त्यातून काही स्त्रियांना मेंदूचा प्राणघातक आजार जडला आणि १९८५ साली तो प्रकार बंद करावा लागला. १९९०च्या दशकापासून पेशींच्या मदतीने कारखान्यात बनवलेलं एफएसएच उपलब्ध झालं.

या इंजेक्शनांची ताकद मोठी आणि धोकाही तेवढाच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत वंध्यत्वाचं कारण न सापडलेली ९०० जोडपी होती, सर्वांना आययूआयची, म्हणजे धुऊन निवडलेले शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याची, जोड होती. इंजेक्शनांनी ३२.२ टक्के जोडप्यांना बाळ झालं, क्लोमिफीनने २३.३, लेट्रोझोलने १८.७. नुसते हे आकडे पाहिले तर इंजेक्शन जिंकलं. पण त्या गटातल्या जवळपास एक तृतीयांश गर्भधारणा जुळ्या-तिळ्यांच्या होत्या. ‘जुळी झाली तर एका फटक्यात काम झालं’ असं आनंदाने म्हणणाऱ्यांना अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत आठवडे ठेवणं काय असतं, ते आधी समजावून सांगायला हवं. पीसीओएसमध्ये लेट्रोझोल पुढे आणि इथे मागे, हेही ध्यानात घ्यावं. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेलच असं नाही.

औषध कुठलंही असो, ते सुरू झालं की मोजणी आली. आपल्याकडे ‘फॉलिक्युलर स्टडी’ हा शब्द आता खेड्यातही कळतो. एक-दोन दिवसाआड सोनोग्राफी, फॉलिकल दिवसाला दीड-दोन मिलिमीटर वाढतंय का, अस्तर किती झालं. फॉलिकल अठरा-वीस मिलिमीटरचं झालं की एचसीजीचं इंजेक्शन, ज्याला बायका ‘अंडं फुटायचं इंजेक्शन’ म्हणतात. ते एलएचच्या लोंढ्याची नक्कल करतं, त्यामुळे छत्तीस तासांचा हिशेब इथे आपल्या हाती येतो. आययूआय त्यानंतर चोवीस ते छत्तीस तासांत करतात. या दोन टोकांमध्ये यशात ठळक फरक पडलेला अभ्यासांत दिसत नाही, म्हणून एसटी चुकली आणि दोन तास उशीर झाला तर सगळं संपलं असं मानू नये. इथे एक सूचना प्रत्येकीला लेखी मिळायला हवी. हे एचसीजी आणि गरोदरपणातलं एचसीजी एकच. इंजेक्शननंतर आठ-दहा दिवसांत घरी चाचणी केली तर दोन रेघा औषधामुळेच उमटू शकतात. पेढे वाटून झाल्यावर पाळी येते तेव्हा त्या घरात काय होत असेल!

आयव्हीएफमध्ये, म्हणजे बीज बाहेर काढून शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारात, मात्र तासांना खरोखर महत्त्व असतं, आणि तिथली कथा दोन शहरांत एकाच वर्षी घडली. इंग्लंडमध्ये ऑल्डहॅमला रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी आधी इंजेक्शनं देऊन पुष्कळ बीजं मिळवून पाहिली. गर्भ रुजेना. इंजेक्शनांनी पाळीचा उत्तरार्ध बिघडतो असं त्यांना वाटलं. शेवटी त्यांनी औषध सोडलं आणि निसर्गाच्या घड्याळावर विसंबायचं ठरवलं. दर काही तासांनी लघवी तपासायची, एलएच चढल्याचं दिसलं की तिथून तास मोजायचे, मग दिवस असो वा मध्यरात्र, दुर्बिणीने ते एकुलतं एक बीज काढायचं. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली ती अशी.

तिच्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात दुर्गा या नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ऑल्डहॅमच्या अगदी उलट मार्ग धरला होता. त्यांनी इंजेक्शनांनी एकापेक्षा जास्त बीजं वाढवली आणि योनीमार्गे काढली. औषधाने बिघडलेल्या महिन्यात गर्भ ठेवण्याऐवजी त्यांनी तो गोठवून ठेवला आणि नंतरच्या निरोगी चक्रात गर्भाशयात सोडला. घड्याळामागे धावण्यापेक्षा त्यांनी घड्याळच थांबवलं. पश्चिम बंगाल सरकारच्या चौकशी समितीने त्यांचं म्हणणं उडवून लावलं, परदेशात जाऊन काम मांडायला परवानगी मिळाली नाही, १९८१ साली त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली आणि त्याच वर्षी १९ जून रोजी त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि ती देशातली पहिली म्हणून नोंदली गेली. पुढे मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी आनंद कुमार यांच्या हाती आल्या. त्या वाचून त्यांनी १९९७ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. स्वतःकडे आलेला मान असा दुसऱ्याच्या हाती देणारे शास्त्रज्ञ फार थोडे.

आजच्या आयव्हीएफ केंद्रात जे चालतं ते ऑल्डहॅमपेक्षा कोलकात्याच्या जवळचं आहे. मधली एक अडचण तेवढी सुटायची होती. अनेक फॉलिकल वाढली की इस्ट्रोजेन लवकर चढतं, एलएचचा लोंढा वेळेआधी येतो आणि बीजं हाती लागण्याआधी सुटून जातात. त्यावर उपाय सापडला तो मेंदूतल्या जीएनआरएच या छोट्या संप्रेरकात, ज्याच्या शोधासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना १९७७चं नोबेल मिळालं. अर्न्स्ट नोबिल यांनी माकडांवर दाखवलं की हे संप्रेरक थांबून थांबून दिलं तर पिच्युटरी काम करते, सतत दिलं तर गप्प बसते. त्यावरून पिच्युटरीला गप्प बसवणारी औषधं निघाली. आता लोंढा येतो तो आपण आणू तेव्हाच. रात्री ठरलेल्या वेळी ट्रिगर, म्हणजे बीज सोडवणारं इंजेक्शन, आणि चौतीस ते छत्तीस तासांनी बीज काढणं. इथे मात्र ‘थोडं उशिरा घेतलं इंजेक्शन’ हे डॉक्टरांना लगेच फोन करून सांगायचं असतं.

जास्त फॉलिकल वाढलेल्या बाईला एचसीजी दिलं तर अंडाशयं सुजतात, पोटात पाणी साठतं, धाप लागते, लघवी कमी होते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. हा प्रकार जिवावरही बेतू शकतो. इंजेक्शनं चालू असताना पोट झपाट्याने फुगलं, वजन एक-दोन दिवसांत वाढलं, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा स्त्रियांना आता एचसीजीऐवजी जीएनआरएचसारखं औषध देऊन बीजं सोडवतात आणि गर्भ गोठवून पुढच्या महिन्यांत ठेवतात. चीनमध्ये पीसीओएस असलेल्या १५०८ स्त्रियांवरच्या २०१६च्या अभ्यासात या पद्धतीने हा त्रास ७.१ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर आला, आणि बाळ होण्याचं प्रमाण ४२वरून ४९.३ टक्क्यांवर गेलं. पीसीओएस नसलेल्यांना मात्र सगळे गर्भ गोठवण्याचा वेगळा फायदा २०१८च्या अभ्यासांत दिसला नाही. त्यांना ते सरसकट सुचवलं जात असेल तर कारण विचारावं.

आपल्याकडच्या उपचारांत मला सर्वांत जास्त खटकतं ते क्रम उलटा लागणं. बाईला महिनोन्महिने गोळ्या दिल्या जातात आणि नवऱ्याची वीर्यतपासणी वर्षानंतर होते. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचाही वाटा असतो. ही तपासणी स्वस्त आहे, वेदनारहित आहे, एका सकाळी होते. तिच्याआधी क्लोमिफीन सुरू करणं मला समर्थनीय वाटत नाही. तीच गोष्ट गर्भनलिकांची. क्षयरोगाने नलिका बंद झालेल्या बायका आपल्या देशात कमी नाहीत, आणि नलिका बंद असताना कितीही बीजं सोडवली तरी ती शुक्राणूंना भेटणार कुठे? पाळी नियमित असलेल्या, बीज आपोआप सुटणाऱ्या बाईला मोजणीशिवाय नुसत्या गोळ्या देत राहण्यालाही फारसा आधार नाही. ब्रिटनच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनी कारण न सापडलेल्या वंध्यत्वात त्या देऊच नयेत असं सांगितलं. आययूआयची जोड दिली की चित्र बदलतं. न्यूझीलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लोमिफीन आणि आययूआय घेतलेल्या ३१ टक्के स्त्रियांना बाळ झालं, नुसती वाट पाहणाऱ्या ९ टक्क्यांना.

मोजणीला पैसा लागतो आणि अंतरही आड येतं. तालुक्याला सोनोग्राफी असली तरी ती करणारे डॉक्टर रोज नसतात. एका चक्रात चार-पाच खेपा, प्रत्येक खेपेला बुडालेली मजुरी, थंड ठेवायची इंजेक्शनं बर्फाच्या डब्यातून गावी नेणं, आणि घरात ‘रोज रोज दवाखान्यात काय काम असतं’ हे ऐकून घेणं. म्हणून गोळ्या घेतल्या जातात आणि सोनोग्राफी गाळली जाते. २०२१च्या कायद्याने वंध्यत्व केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, आययूआयपुरती केंद्रं आणि आयव्हीएफ करणारी केंद्रं असे दोन स्तरही ठरवले. दर्जासाठी ते गरजेचं होतं, खर्चाचा प्रश्न त्याने सुटत नाही. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली आयव्हीएफची मोफत सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला आयव्हीएफ केंद्र लगेच देता येणार नाही, पण वीर्यतपासणी, नलिकांची तपासणी, लेट्रोझोलच्या स्वस्त गोळ्या आणि आठवड्यातून चार सकाळी फॉलिकल मोजणारी सोनोग्राफी एवढं तिथे नक्की देता येईल, आणि पीसीओडी असलेल्या पुष्कळ जणींना त्यापुढच्या कशाचीच गरज पडणार नाही.